सांगलीतलं थेरपी सेंटर: मॅडमना दहापैकी नऊ, जिन्याला शून्य

आधीच सांगते, नाव टाकत नाहीये, कारण जिन्यावरून मालकांशी माझी कुरबुर अजून चालूच आहे आणि पोरगा अजून तिथंच जातोय. विश्रामबागकडं आहे एवढंच, कुणाला पाहिजे असेल तर मेसेज करा. आम्ही मिरजेहून जातो, आठवड्यातून दोनदा, सात महिने झाले.

पोरगा तिसरीत. पाढे तोंडपाठ, आरत्या सगळ्या पाठ, पण ग्लास उचलला की पाणी सांडणार, भडंगाची पुडी हातात दिली की निम्मं भडंग रस्त्यावर, शर्टाची बटनं कायम एक घर चुकलेली. सासूबाई म्हणायच्या, "अगं ह्याचा बाप पण असाच वेंधळा होता, होतंय बरोबर." शाळेत लंगडीचा डाव असला की सर ह्याला चपला राखायला बसवायचे. आणि मी काय वेगळं केलं, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून दोन वर्षं ओरडलेच की, आता आठवलं तरी पोटात कालवतं.

शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरांनी ओटीकडं पाठवलं, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतःची स्वतः करायला शिकवतात ती. तिथं एका पायावर उभं केलं, बॉल झेलायला लावला, दोऱ्यात मणी ओवून घेतले आणि सांगितलं डीसीडी, डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, काहीजण डिस्प्रॅक्सिया म्हणतात. डोकं चांगलं, डोळे चांगले, हातापायात ताकद पण आहे, पण कुठली हालचाल कशी, किती जोरात, कशानंतर काय हे मेंदूला पटकन जुळवता येत नाही. शंभरात पाच-सहा मुलं अशी असतात म्हणे, म्हणजे प्रत्येक वर्गात दोन-तीन, आणि सगळी धांदरट म्हणून बोलणी खात असणार. औषध गोळी काही नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीच्या (म्हणजे शिकण्यातल्या ठरावीक अडचणींच्या) व्याख्येत डिस्प्रॅक्सिया शब्द आहे, हे पण मला तिथंच कळलं.

आता सेंटर. हॉल बघूनच माणूस भुलतो. छताला टांगलेले झोपाळे, मोठाले जिम बॉल, बॅलन्स बोर्ड, रंगीत बोगदे. पहिले दोन महिने एका नवीन ताईंकडं होतो, त्या झोपाळ्यावर बसवायच्या, बॉलवर लोळवायच्या, पोरगा खूष, पण बटनं होती तिथंच. मी विचारलं तर "इम्प्रूव्हमेंट हळूहळू दिसते." मग मी जरा आवाज चढवला तेव्हा मोठ्या मॅडमकडं दिलं, आणि खरं पैसे वसूल झाले ते तिथनं पुढं.

मॅडमनी मला काहीच विचारलं नाही, पोराला विचारलं, तुला काय यायला पाहिजे? तो म्हणाला बटनं, बुटाची लेस आणि सायकल. बास, तेवढंच धरलं. त्यांची पद्धत कॅनडात निघालेली आहे म्हणे, काय करायचंय, कसं करणार, कर, झालं का बघ, ह्या चार पायऱ्या, आणि उत्तर पोरानंच शोधायचं. बटनं का चुकतात, ह्यावर चार दिवस विचार करून हाच म्हणाला, वरचं बटन मला दिसतच नाही! मग खालून लावायला सुरुवात. खालचं दिसतं, ते बरोबर बसलं की पुढची आपोआप बरोबर. मी इतकी वर्षं गळ्यापासनं लावायला शिकवत होते. लेससाठी एक लेस काळी एक पांढरी घातली, म्हणजे कुठली कशावरनं गेली ते कळतं.

सायकलची तर मजाच. आम्ही बाजूची छोटी चाकं लावून वर्षभर फिरवली होती, मॅडम म्हणाल्या काढा ती, त्यानं सायकल कलतच नाही तर तोल शिकणार कुठनं. पॅडल पण काढायला लावले. सीट एवढी खाली की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील, आणि नुसतं पायानं ढकलत जायचं. हे नेमिनाथनगरच्या ग्राउंडवर आम्ही रोज संध्याकाळी केलं, तीन आठवड्यांनी पाय उचलून जरा लांब घसरत जायला लागला, मग एक पॅडल, मग दुसरा. आता चालवतो. ब्रेक अजून उशिरा मारतो, समोर उभं राहू नका.

रविवारी सगळ्या मुलांचा बोचिया असतो, हे मला फार आवडलं. पॅरालिम्पिकमध्ये १९८४ पासून आहे हा खेळ. एक पांढरा बॉल टाकायचा, मग सहा लाल सहा निळे, ज्याचा जवळ तो जिंकला. व्हीलचेअरवरची मुलं बसूनच खेळतात, हात उचलत नाही ते उतरणीवरून बॉल सोडतात. एक सेरेब्रल पाल्सीवाली (मेंदूच्या इजेमुळं हालचालींवर ताबा कमी) मुलगी आहे, ती आमच्याला दरवेळी हरवते आणि वर चिडवते. भिंतीवर दोन फोटो आहेत, दोघं आपल्याच जिल्ह्यातले. पेठचे मुरलीकांत पेटकर, ६५ च्या युद्धात जखमी होऊन १९७२ ला हायडेलबर्गला पोहण्यात गोल्ड, आणि आटपाडीकडचे सचिन खिलारी, पॅरिस २०२४ ला गोळाफेकीत सिल्व्हर. खिलारींचा हात शाळेत असताना सायकलच्या अपघातात अधू झाला हे मात्र मी पोराला अजून सांगितलेलं नाही.

आणि आता जिना. अहो हे असलं सेंटर पहिल्या मजल्यावर! लिफ्ट नाही, जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. त्या बोचियावाल्या मुलीला तिचे पप्पा उचलून नेतात, व्हीलचेअर वॉचमन आणतो, पप्पा नसले तर त्या दिवशी सेशन बुडलं. मालक म्हणतात खाली भाडं परवडत नाही. झोपाळ्यांना परवडलं की. दुसरं म्हणजे पॅकेज, वीस सेशनचे पैसे आधी भरा, पोरगं आजारी पडलं तर ते सेशन गेलं.

घरचा अभ्यास देतात तो करायलाच लागतो, पंचेचाळीस मिनिटांत तिथं काय होणार. आणि पोरगं लवकर दमतं, आळशी नाही, त्याला त्याच कामाला जास्त कष्ट पडतात, म्हणून सेशन शाळा सुटल्या सुटल्या घेऊ नका. जाताना लेसचे बूट घाला, चपलेवर नेलंत तर मॅडम तुम्हालाच बोलतील.