आरडीचा डबा

जुन्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा काढून तिथं पॉड फिल्टर, म्हणजे थेट कार्बोरेटरच्या तोंडावर बसणारा उघडा फिल्टर, बसवूया, असं कुणी मिस्त्री म्हणत असेल तर माझं हे आधी वाचा. माझे साडेसव्वीस हजार गेले, आणि त्यातले साडेसात हजार तर मी माझीच वस्तू परत विकत घेण्यात घातले.

गाडी राजदूत ३५०. बाबांनी १९८५ साली घेतलेली. यामाहाचीच आरडी, एस्कॉर्ट्सनं इथं बनवलेली. १९८३ ला आली आणि काही वर्षांतच बनायची बंदही झाली. त्यामुळे तिचा एकेक सुटा भाग आता शोधून आणावा लागतो, आणि भाव विकणारा सांगेल तो. हे मला माहीत होतं. तरी फसलो. मी बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर टर्निंगच्या कामावर आहे, दिवसभर तोंडात मायक्रोनची बारीक मापं. तेही कामाला आलं नाही.

गाडी वरच्या वेगात थोडी अडखळायची. ओळखीतल्या एकानं मिस्त्री सुचवला. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यानं बाची ओलांडलं की महाराष्ट्र लागतो, तिकडचा. गेलो तर माणूस बोलायला लाघवी. चहा मागवला, हद्दीपलीकडची आपली माणसं म्हणून जिव्हाळ्यानं चौकशी केली, आणि मी विरघळलो. इथं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. दिवसभर दोन भाषांत कसरत करून झाल्यावर कुणी मराठीत "दादा, बसा की" म्हटलं की अर्धा व्यवहार तिथंच होऊन जातो.

त्यानं सीट उचलली, डबा बाहेर काढला आणि कोपऱ्यातलं एम-सीलचं ठिगळ मला दाखवलं.

"हे बघा दादा, डबा गेलाय. इथनं हवा चोरतोय. नवीन मिळणार नाही. दोन पॉड बसवू, अमेरिकेचा माल हाय, गाडी उडंल."

ते ठिगळ बाबांनी लावलेलं होतं, पंधराएक वर्षांपूर्वी. ओलं असताना अंगठ्यानं दाबलेलं, त्यामुळे अंगठ्याच्या रेषा त्यात तशाच उठलेल्या. तिथून हवा कधीच आत जात नव्हती. पण त्या क्षणी मला ते खरंच सडल्यासारखं दिसलं.

दोन फिल्टरचे ४,८००, जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मापात सोडणारं बारीक भोकाचं पितळी तोंड) बदली आणि ट्यूनिंग १,८००. पैसे मी फोनवरून पाठवले. बिल म्हणून पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी. डबा? "ह्या भंगाराचं काय करणार, राहू द्या इथंच." मीही राहू दिला.

आता त्यानं नक्की काय केलं ते सांगतो, कारण खरी गोम इथंच आहे. कंपनीनं कार्बोरेटरचे जेट त्या डब्याचा हिशेब धरून ठरवलेले असतात. डब्यातून हवा ठरावीक अडथळ्यानं येते, म्हणून जेटवर ओढ बसते आणि त्या मापात पेट्रोल वर येतं. डबा काढून उघडे पॉड लावले की हवा मोकळी येते, ओढ कमी होते, पेट्रोल अपुरं पडतं. मग मेन जेट मोठा घालावा लागतो, कार्बोरेटरमधल्या सुईची क्लिप वरखाली करून बघावी लागते, प्लगचा रंग बघत बघत मेळ जमवावा लागतो. हे न करता गाडी पळवली तर मिश्रण पातळ होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये पातळ मिश्रण म्हणजे भट्टी.

त्यानं जेट बदललेच नाहीत. आणि मला ते कळलं का नाही? कारण ट्रायल त्यानं गॅरेजसमोरच्या गल्लीत दिली. मेन जेटचं काम सुरू होतं ते अॅक्सिलरेटर पाऊण पिळल्यावर. गल्लीत कोण पाऊण पिळतो? पॉडमधून येणारा आवाज मात्र दणदणीत. डब्याचं एक काम आवाज गिळायचं असतं, तो गेला की गाडी डरकाळी फोडते आणि ती डरकाळी आपल्याला ताकद वाटते.

आयडलला, म्हणजे नुसती उभी चालू असताना, मात्र गाडी भकाभका धूर सोडू लागली. तो म्हणाला, ऑइल जास्त जातंय. आरडीत ऑइल पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, ऑटोल्यूबचा पंप ते वेगळं पुरवतो. त्यानं त्या पंपाची केबलच ढिली केली. धूर थोडा कमी झाला, मी खूश. दोन्ही प्लग काळेकुट्ट कशानं होतायत, याचा खरा पत्ता पुढं लागला.

जानेवारीत कोल्हापूरहून परत येत होतो. संकेश्वर, यमकनमर्डी मागं पडलं. वंटमुरीच्या घाटात उसाचे ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं चढत होते, त्यांना मागं टाकायला म्हणून पूर्ण पिळलं. अर्धा मिनिटही झालं नसेल. इंजिनचा सूर एकदम बारीक झाला, आणि मागचं चाक जाम! हात आपसूक क्लचवर गेला म्हणून हे लिहायला शिल्लक आहे. मागचा ट्रॅक्टर मुंगीच्या पावलानं येत होता हे माझं नशीब.

टेम्पोत घालून गाडी आणली. आमच्या शॉपमधल्या गोकाकच्या अण्णांनी डावं सिलिंडर उघडलं आणि फक्त "एनरीपा इदु!" (हे काय हो!) एवढंच म्हणाले. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे, ॲल्युमिनियम वितळून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटलेलं. एरवी काळा असणारा प्लग पातळ मिश्रणानं पांढराफटक.

मग कार्बोरेटर खोलले. जेटच्या पितळेवर बारीक आकडा कोरलेला असतो. माझ्या डायरीत तीन वर्षांपूर्वीच्या ओव्हरहॉलच्या वेळी लिहिलेला आकडा होता, आणि भिंगाखाली दिसला तोही तोच. दोन्हींत. जेट बदलीचे १,८०० असे हवेत गेले.

अण्णांनी पॉड हातात घेऊन आतून बोट फिरवलं. रबराच्या तोंडाला आतल्या बाजूनं एक कड होती. कार्बोरेटरच्या तोंडाशी हवेची दोन बारीक भोकं असतात. ही कड त्यातल्या एकावर बरोबर बसत होती. म्हणजे आयडलला हवा कोंडली, म्हणून धूर आणि काळे प्लग. आणि पूर्ण पिळल्यावर पेट्रोल कमी, त्यात ऑइलही छाटलेलं. 'अमेरिकेच्या' फिल्टरवरचं स्टिकर पेट्रोलचा बोळा लावताच निघून आलं. तसलीच जोडी मला नंतर एका दुकानात सातशेला दिसली.

आरडीचा बोअर मुळात ६४ मिलीमीटर. आता तो वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घातले. हे सिलिंडर किती वेळा बोअर करता येतं याला मर्यादा आहे, त्यातली एक पायरी मी फुकट घालवली. बोअर, पिस्टन, रिंगा, मजुरी मिळून १२,४००.

मिस्त्रीला फोन केला. "पिस्टन जुना होता दादा, माझा काय दोष?" डबा मागितला तर म्हणाला, भंगारवाल्याला दिला.

पंधरा दिवसांनी भाच्यानं फोनवर एक जाहिरात दाखवली. आरडीचा ओरिजिनल डबा, रबरांसकट, निपाणी. फोटो मोठा केला. कोपऱ्यात करडं ठिगळ, त्यात अंगठा.

निपाणीचा तो पोरगा भला निघाला. त्यानं डबा त्याच मिस्त्रीकडून घेतला होता. आधीचा सगळा संवाद आणि पैसे पाठवल्याची नोंद त्यानं मला देऊन टाकली. डब्याचे साडेसात हजार मात्र घेतलेच, आणि का नाही घेणार? "स्वतःच्याच घरचा डबा विकत आणणारे तुम्ही पहिलेच," असं घरी ऐकावं लागलं ते वेगळं. चोरी कुठं झाली होती हे तेव्हा ध्यानात आलं. फिल्टर हा नुसता बहाणा. माल होता तो डबा.

हद्दीवरच्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. गॅरेज महाराष्ट्रात, मी कर्नाटकात, तेव्हा तक्रार कुठं करायची म्हणून मी महिनाभर हात बांधून बसलो होतो. तसं काही नसतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. मी बेळगावातच अर्ज दिला. पक्कं बिल नव्हतं, पण चिठ्ठी होती, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद होती आणि "जेट बदलले दादा, बिनधास्त पळवा" हा त्याचा आवाजातला निरोप मी सुदैवानं पुसला नव्हता.

डबा परत गाडीवर चढलाय. आवाज पूर्वीसारखाच मवाळ, आणि सुरुवातीचं ते अडखळणं एका तुंबलेल्या पेट्रोल कॉकमुळे होतं, ते अण्णांनी दहा मिनिटांत साफ केलं. दोन्ही जुने जेट काडेपेटीत घालून ठेवलेत. पुढच्या महिन्यात आयोगात तारीख आहे. आकडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून भिंगही सोबत नेणार आहे.