अपघात क्लेमचं वकील ऑफिस, शिवाजीनगर, पुणे: पाचपैकी चार स्टार

एक स्टार कापला तो फोनसाठी, बाकी कामाला नाव ठेवायला जागा नाही. फोन उचलतच नाहीत, व्हॉट्सअ‍ॅप केलं की दोन दिवसांनी नुसतं "ओके". आणि ऑफिस वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांचे निम्मे क्लायंट कुबड्या घेऊन येतात त्यांनी अशी बिल्डिंग का निवडावी देव जाणे.

केस आमच्या मेहुण्याची. नवले पुलाजवळ मागून कारने उडवलं, पाय दोन ठिकाणी मोडला, आत रॉड. त्याचं फॅब्रिकेशनचं काम, ग्रिल, पत्र्याच्या शेड वगैरे, म्हणजे अर्धा दिवस शिडीवरच. तो अ‍ॅडमिट असतानाच एक एजंट कॉटपाशी हजर, "क्लेमचे तीस टक्के आमचे, बाकी तुम्ही काही बघू नका." ऑफिसच्या वकील मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, क्लेमच्या रकमेत टक्के घ्यायला बार कौन्सिलच्या नियमात वकिलाला बंदी आहे, कोणी टक्क्यांची भाषा केली की उठून यायचं. त्यांनी स्वतःची फी आकडा सांगून टप्प्याटप्प्याने घेतली, पावतीसकट.

पण खरं काम दिसलं ते अपंगत्वाच्या टक्क्यावर. सर्टिफिकेटवर त्या पायाचे 40 टक्के लिहिलेत, तर इन्शुरन्स कंपनीचा वकील म्हणे एका पायाचे 40 म्हणजे अख्ख्या शरीराचे फार तर 20. मॅडमनी सुप्रीम कोर्टाचा 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल पुढे केला. सर्टिफिकेटवरचा टक्का वेगळा आणि कमाई किती बुडाली तो टक्का वेगळा, माणूस काम काय करतो ते बघायचं. टेबलावर बसणाऱ्याचा पाय आखडला तरी पगार चालू राहतो, शिडीवरच्याचा धंदाच बसतो ना. आम्हाला त्यांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर पेनाने हिशोब करून दाखवला: महिना 20 हजार, स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 28 हजार, वर्षाचे 3 लाख 36 हजार, वय 34 म्हणून गुणक (वयावरून ठरलेला, वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा) 16, झाले 53 लाख 76 हजार. आता यातली कमाई 20 टक्के बुडाली म्हटलं तर पावणेअकरा लाख आणि 50 टक्के म्हटलं तर सत्तावीस लाखांच्या आसपास, आणि दवाखान्याचा खर्च, वेदनांचे पैसे वगैरे त्याच्यावर वेगळे. सगळं भांडण त्या एका आकड्यासाठी!

त्यासाठी कमाईचा पुरावा लागतो आणि आमच्या मेहुण्याकडे कसली आलीय सॅलरी स्लिप. मॅडमनी पासबुक, गिऱ्हाइकांची जुनी बिलं, पत्र्याच्या दुकानातली उधारीची वही, जे मिळेल ते मागवलं. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला उभं केलं, शिडी चढून वजन उचलता येईल का विचारलं, ते म्हणाले नाही. लोकअदालतीत कंपनीने तडजोडीला रक्कम सांगितली होती, घरात सगळ्यांचं म्हणणं घेऊन टाका, पण रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असताना मॅडम सही करू देईनात. शेवटी 50 टक्के धरले गेले, अर्ज केल्या तारखेपासून व्याजही. त्यातली मोठी रक्कम मात्र ट्रायब्युनलने, म्हणजे अपघात क्लेमच्या कोर्टाने, एफडीत अडकवली, त्यावरून मेहुण्याची कुरकुर चालूच आहे.

जाणार असाल तर एफआयआर, स्पॉट पंचनामा, समोरच्या गाडीची पॉलिसी आणि आरसीची कॉपी घेऊन जा, आणि बिलं मेडिक्लेमला देण्याआधी सगळ्याची झेरॉक्स ठेवा, आमची त्यावरून बरीच धावपळ झाली. उशीर करू नका, 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आलीय. आणि अपघात पुण्याबाहेर झाला असेल तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर अर्ज इथेच करता येतो, आमच्या शेजाऱ्यांचा सोलापूर रोडवरचा क्लेम मॅडमनी इथूनच लावलाय.