शिमानो यूएन३०० बीबी: एक्सलच्या चौकोनाला ग्रीस लावावं का?

सायकलचा सुटे छर्रे आणि कप असलेला जुना बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या दांड्यांचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा संच) काढून सील्ड बीबी बसवायचा असेल, तर शिमानोचा यूएन३०० हा भरवशाचा माल आहे. बेअरिंग बंद असल्याने पावसाळ्यात छर्रे धुऊन पुन्हा ग्रीस भरण्याची कटकट नाही. पण बेअरिंग गेलं की दुरुस्ती नाही, अख्खा बीबी बदलायचा. एक्सल ११०, ११३, १२२.५ मिमी अशा लांब्यांत मिळतो. जुन्याची लांबी मोजूनच नवा घ्यावा, नाहीतर चेनलाइन, म्हणजे पुढच्या-मागच्या दातेरी चक्रांमधली चेनची सरळ रेषा, बिघडते.

बसवताना चूक होते ती आट्यांच्या दिशेत. इंग्लिश आट्यांच्या फ्रेममध्ये चेनकडची बाजू उलटी, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरवून आवळते. कपाला ५० ते ७० न्यूटन-मीटर लागतात. फ्रेमच्या आट्यांना ग्रीस हवंच, त्यात वाद नाही.

वाद आहे तो एक्सलच्या चौकोनावर, म्हणजे ज्यावर क्रँक (पेडलचा दांडा) बसते त्या निमुळत्या चौकोनी टोकावर. कॅम्पॅग्नोलोची परंपरा कोरडं बसवण्याची, तर अनेक जाणते कारागीर ग्रीस लावतात. याचा निकाल व्हर्निअर (बारीक मापं घेणारी मोजपट्टी) आणि टॉर्क पाना (पिळाचा जोर मोजून आवळणारा पाना) घेऊन घरीच लावता येतो. चौकोन आणि क्रँकचं भोक स्पिरिटने पुसा. रॉकेल नको, ते तेलकट थर मागे ठेवतं आणि मग कोरडी चाचणी कोरडी राहत नाही. बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याखाली मात्र दोन्ही वेळा सारखंच ग्रीस लावा. क्रँक ४० न्यूटन-मीटरला आवळा, बोल्ट काढा आणि बोल्ट टेकतो त्या कडेपासून एक्सलच्या टोकापर्यंतची खोली मोजा. मग पुलरने, म्हणजे क्रँक ओढून काढायच्या हत्याराने, क्रँक काढून हेच पुन्हा करा. दर खेपेला क्रँक किंचित आत सरकते, म्हणून कोरडं माप स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि त्यानंतरच ग्रीस लावून मोजायचं. ही पायरी गाळली तर नुसत्या बसण्याचा फरक ग्रीसच्या नावावर जमा होतो.

ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला क्रँक आणखी आत जाते, कारण घर्षण कमी होतं. चौकोनाची प्रत्येक बाजू २ अंशांनी निमुळती आहे. त्या हिशेबाने क्रँक १ मिमी आत गेली की ॲल्युमिनियमचं भोक समोरासमोरच्या बाजूंत सुमारे ०.०७ मिमी फाकतं. प्रत्यक्षात सरक मिलिमीटरच्या काही अंशांचीच असते, क्रँक ती सहज सोसते.

आमचा कौल ग्रीसच्या बाजूने आहे. कोरड्या जोडात ॲल्युमिनियम पोलादावर घासतं, काळी भुकटी पडते, करकर सुरू होते. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर दोन धातूंमध्ये गंज धरून क्रँक अशी चिकटते, की पुलरने काढताना तिचे आटेच सोलून निघतात. ग्रीस साधं लिथियमचं चालेल, पण अगदी पातळ: दोन्ही टोकांना मिळून तांदळाच्या चार दाण्यांएवढं, बोटाने पसरून.

टॉर्क शिमानोच्या ३५ ते ५० या मर्यादेत, ४० च्या आसपास ठेवावा. टॉर्क पाना नसेल तर २० सेंमी लांबीच्या दांड्यावर साधारण २० किलोचा जोर, इतका अंदाज पुरतो. एकदा नीट आवळल्यावर दर आठवड्याला पुन्हा आवळू नये. चालवताना क्रँक थोडी आत बसते आणि बोल्ट सैल वाटतो. तो दरवेळी आवळत गेलं की क्रँक आत आत ढकलली जाते आणि शेवटी चौकोनाच्या कोपऱ्यातून तडकते.

दोन ठिकाणी ग्रीसचा उपयोग नाही. चौकोनाची आयएसओ आणि जेआयएस अशी दोन प्रमाण मापं आहेत; आयएसओ मापाची क्रँक यूएन३०० च्या जेआयएस एक्सलवर नीट बसत नाही, ती बाहेरच राहते. आणि सैल क्रँकने चालवून भोक एकदा गोलसर झालं, की बोल्ट आवळताना एक्सलचं टोक बोल्टच्या बैठकीला लागतं. मग बोल्ट एक्सलवरच आवळला जातो, क्रँक हलतीच राहते. ती क्रँक बदलावी.