वर्गातले चार दिवस, जहाजावरचे सात महिने: मेडिकल फर्स्ट एड कोर्सचा वापरानंतरचा अनुभव

थर्ड ऑफिसर म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढण्यापूर्वी मी नवी मुंबईतील एका मान्यताप्राप्त संस्थेत मेडिकल फर्स्ट एड, म्हणजे आमच्या बोलण्यातला ‘एमएफए’, हा चार दिवसांचा कोर्स केला. त्यानंतर कोळसा आणि धान्य वाहून नेणाऱ्या एका बल्क कॅरिअरवर सात महिने काढले आणि त्या काळात औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. कोर्स संपला त्या दिवशी संस्थेने अभिप्रायाचा कागद भरून घेतला, तेव्हा मी सगळ्या रकान्यांत ‘उत्तम’ लिहिले होते. आज तो कागद पुन्हा समोर आला, तर दोन-तीन रकान्यांत तरी तसे लिहिणार नाही.

नव्या मुलांचा गोंधळ होतो म्हणून आधी थोडे स्पष्ट करतो. ‘एसटीसीडब्ल्यू’ या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय कराराने खलाशांच्या वैद्यकीय प्रशिक्षणाच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत. पहिली एलिमेंटरी फर्स्ट एड. आपल्याकडे दोन दिवसांची, आणि समुद्रावर जाणारा प्रत्येक जण ती आग विझवणे व जीव वाचवणे या कोर्सांबरोबर करतो. दुसरी एमएफए, जी वॉच (पाळीचा पहारा) सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि इंजिनिअरांना लागते. तिसरी मेडिकल केअर, जहाजावरील उपचारांची जबाबदारी ज्याच्यावर असते त्याच्यासाठी. आमच्याकडे ते कॅप्टन होते. १०० किंवा त्याहून अधिक माणसे घेऊन तीन दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर निघालेल्या जहाजावरच डॉक्टर सक्तीचा आहे. आम्ही २२ जण होतो, त्यामुळे डॉक्टर म्हणजे काय ते आम्हीच.

शिकवणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले मेडिकल असिस्टंट होते आणि माणूस खरोखर जाणकार होता. तक्रार आहे ती संस्थेच्या हिशेबाची. वर्गात २४ जण आणि सीपीआरचे, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून त्याला श्वास देण्याच्या सरावाचे, पुतळे दोन. छाती पाच ते सहा सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ३० दाबांमागे दोन श्वास, हे आकडे सगळ्यांना पाठ झाले. पण हाताला ती खोली कळायला जो वेळ लागतो तो कोणालाच मिळाला नाही. माझ्या वाट्याला जेमतेम चार मिनिटे आली. त्यातच प्रमाणपत्रावर माझे नाव पासपोर्टहून वेगळ्या स्पेलिंगने छापले गेले आणि ते दुरुस्त करून घेण्यासाठी दोन खेपा पडल्या. संस्थेतून बाहेर पडण्यापूर्वी नाव, जन्मतारीख आणि इंडॉस क्रमांक (भारतीय खलाशाचा नोंदणी क्रमांक) अक्षर न् अक्षर तपासून घ्या.

आता प्रत्यक्ष उपयोग. सात महिन्यांत सीपीआर एकदाही लागला नाही, याबद्दल देवाचे आभार. लागले ते बोटे चेंगरणे, डोळ्यात रंगाचा पापुद्रा जाणे, इंजिन रूममधल्या उष्म्याने पायात गोळे येणे, आणि एकदा भाजणे. आमचा चीफ कुक दापोलीकडचा. (त्याचे आजोबा बोटीवर ‘भंडारी’ होते, कुकला तेव्हा तेच नाव होते.) तळणीचे तेल त्याच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत उडाले. मी गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, पोहोचलो तेव्हा तो विचारत होता, “साहेब, टूथपेस्ट लावू का? थंड वाटेल.” त्याला नळाखाली हात धरायला लावला, तर विषुववृत्ताजवळ टाकीतले पाणी कोमट येत होते. तो बर्फ आणायला निघाला, त्याला अडवले आणि पिण्याच्या कूलरचे पाणी जगाने ओतत राहिलो. सूज चढण्याआधी घड्याळ काढले. मनगटावरचा देवाचा दोरा कापावा लागला, तेव्हा मात्र तो क्षणभर गप्प झाला. २० मिनिटे हा आकडा वर्गात किरकोळ वाटतो, पण जळणारा हात धरून बसलेल्या माणसाला सातव्या मिनिटालाच ‘बस झालं’ असे वाटते आणि खरे सांगायचे तर जग उचलणाऱ्यालाही वाटते. शेवटी गॅलीतलीच प्लास्टिकची पातळ फिल्म हातावर लांबीच्या दिशेने नुसती पसरली, गुंडाळली नाही. हे सगळे कोर्समध्ये शिकवल्याबरहुकूम होते आणि तेवढ्यासाठी त्या चार दिवसांचे पैसे वसूल झाले, असे मी मानतो.

जिथे मी कमी पडलो ती गोष्ट वेगळी. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बेहून कोळसा भरून भारताकडे येताना एका मोटरमनला (इंजिन रूममधल्या खलाशाला) रात्री कमरेच्या बाजूला विलक्षण वेदना सुरू झाल्या. कॅप्टनने रोमच्या ‘सीआयआरएम’शी संपर्क साधला, १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला विनामूल्य सल्ला देणारे हे केंद्र आहे. पलीकडच्या डॉक्टरांनी विचारायला सुरुवात केली: दुखणे किती वाजता सुरू झाले, कोणत्या बाजूला, जांघेकडे सरकते का, रुग्ण निपचित पडून आहे की तळमळतो आहे, ताप किती, रक्तदाब किती, लघवीचा रंग कसा. मी नाडी मोजली होती, पण वेळ लिहून ठेवली नव्हती. लघवीची पट्टी तपासायची तर सुचलेच नव्हते. कपाटात पट्ट्यांची डबी होती. मूतखड्याची शंका निघाली, त्यांनी सांगितलेले औषध कॅप्टनने दिले आणि पुढे मी दर अर्ध्या तासाने वहीत नोंद करत गेलो. पहाटेपर्यंत त्याला उतार पडला आणि बंदरात उतरल्यावर तपासणी झाली.

दूरच्या डॉक्टरला रुग्ण कसा सांगायचा, या विषयाला आमच्या कोर्समध्ये शेवटच्या दुपारी अर्धा तास मिळाला होता आणि त्यात निम्मे लोक प्रमाणपत्राच्या फोटोंच्या गडबडीत होते. माझ्या मते त्यावर एक पूर्ण दिवस हवा, बँडेजचे प्रकार थोडे कमी झाले तरी चालतील. अरुंद जागेतून जखमीला गुंडाळून उचलायच्या नील रॉबर्टसन स्ट्रेचरचेही तसेच. त्यात माणूस आवळून बांधायला वर्गात शिकवतात. पण इंजिन रूमच्या तळातून अरुंद शिडीने वर काढताना पायाकडची दोरी खालून कोणी तरी ताणून धरली नाही तर तो प्रत्येक वळणावर कठड्याला आपटतो, हे आम्हाला पहिल्या ड्रिलमध्ये कळले. बंद जागेत पडलेल्या माणसाच्या मागे ऑक्सिजन मोजल्याशिवाय धावू नका, हे मात्र शिक्षकांनी इतक्या वेळा बजावले की ते विसरणे शक्य नाही.

एक विसंगती राहून राहून खटकते. आग विझवणे आणि जीव वाचवणे यांतील कौशल्य दर पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावे लागते, पण एसटीसीडब्ल्यूच्या मूळ नियमांत प्रथमोपचारांच्या प्रमाणपत्रांना तशी अट नाही. त्यामुळे आमच्या बोसनचे (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचे) दहा वर्षांपूर्वीचे प्रमाणपत्र कागदोपत्री माझ्याइतकेच ताजे होते. कॅप्टनच्या परवानगीने आम्ही दर शनिवारच्या ड्रिलनंतर दहा मिनिटे सीपीआर करू लागलो. पुतळा नव्हताच, बोसनने जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून एक माणूस शिवला आणि त्याच्या छातीवर मार्करने फुली मारली. छाती किती दबते ते त्यावर काही कळत नाही, पण डोलणाऱ्या डेकवर गुडघे किती फाकवून बसावे लागते, ते तिथेच समजले.