'फायरफ्लाय' पाहून झाली, आता कॉमिक्स कोणती घ्यायची?

'फायरफ्लाय' ही अंतराळात घडणारी अमेरिकन टीव्ही मालिका २००२ साली आली आणि १४ भागांतच आटोपली, त्यातलेही ११च तेव्हा दाखवले. २००५ मध्ये 'सेरेनिटी' हा चित्रपट आला. त्यापुढची कथा वाचायची तर कॉमिक्सच. त्यात प्रकाशकांची दोन घराणी आहेत: आधी डार्क हॉर्स, २०१८ पासून बूम.

मी डार्क हॉर्सच्या बाजूचा. 'दोज लेफ्ट बिहाइंड' (२००५) तीनच अंकांचं, मालिका आणि चित्रपट यांच्या मधलं. विल कॉनराडची चित्रं पाहताना जहाजाचा कप्तान माल रेनॉल्ड्स तोच वाटतो, ओळखावा लागत नाही. 'लीव्ह्ज ऑन द विंड' (२०१४) चित्रपटानंतरचं आहे, म्हणून चित्रपट पाहिल्याशिवाय ते उघडूच नका. पण खरी चीज म्हणजे 'द शेफर्ड्स टेल'. जहाजावरचा धर्मोपदेशक शेफर्ड बुक हा माणूस आधी कोण होता, हे मालिकेनं सांगितलंच नव्हतं. इथं त्याचं आयुष्य शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडतं. दर थोड्या वेळानं मागचं पान चाळावं लागतं, म्हणून हे मात्र कागदावरच घ्या.

बूमची 'युनिफिकेशन वॉर' १२ अंकांची, तीन खंडांत मिळते. माल आणि त्याची युद्धातली साथीदार झोई यांचा युद्धातला भूतकाळ त्यांच्या मागे लागतो. ग्रेग पाकनं लिहिलेली कथा ऐसपैस आहे, धावपळ भरपूर. डॅन मॅकडेडची रेघ मात्र खरबरीत. चेहरे नटांसारखे हवे असतील तर हिरमोड होईल. लांबलचक वाचायला हवं असेल, तर बूमच बरी.

आता आपल्याकडची गोष्ट. आर्वी-कारंजाकडच्या खेड्यात कुरिअर दारात येईलच असं नाही. फोन येतो, 'तालुक्याला येऊन घेऊन जा'. वर इंग्रजी कॉमिक्सचे जाड खंड महाग. कापसाचा चुकारा हातात आल्यावरच तो विषय. मोबाईलवर त्या मानानं स्वस्त पडतं, आणि एकदा उतरवून ठेवलं की नेटवर्क गेलं तरी अडत नाही. जागलीला मचाणावर बसून रानडुकरांवर लक्ष ठेवताना मोबाईलच कामाचा: बॅटरीच्या उजेडात पुस्तक धरलं की किडे पानावर येऊन बसतात. फक्त जोडपानी चित्रांची मजा जाते. किंडल ॲप एकेक चौकट मोठी करून दाखवतं, त्यात संवाद वाचता येतात पण अख्खं अंतराळजहाज एका नजरेत येत नाही.

तेव्हा 'युनिफिकेशन वॉर' मोबाईलवर, 'शेफर्ड' कागदावर. आणि मागवताना एक पाहा बाप्पा: डार्क हॉर्सची जुनी कॉमिक्सच बूमनं 'लेगसी एडिशन' नावानं पुन्हा काढलीत. पहिल्या पुस्तकात 'दोज लेफ्ट बिहाइंड' आणि 'शेफर्ड' दोन्ही येतात. सुटं घेतलं असेल तर हे नको, काहीच घेतलं नसेल तर हेच घ्या.