कंपनी-कॉलेज जोडी: सेमिस्टरचं प्रोजेक्ट बरं की लांबचा टाय-अप?

बडोद्यात कंपनी नि कॉलेजनं मिळून काम करायचा विषय निघाला की कोणीतरी कलाभवनचं, म्हणजे तिथल्या जुन्या तंत्रशिक्षण संस्थेचं नाव काढतंच, आणि ते बरोबरच आहे म्हणा, सयाजीरावांनी १८९० मध्ये ते सुरू केलं, प्रो. गज्जर पहिले प्रिन्सिपल, आणि पुढे १९०७ ला गज्जर, कोटीभास्कर नि अमीन यांच्या खटपटीतून अलेम्बिक ही औषध-केमिकलची कंपनी उभी राहिली.

आता मकरपुरा जीआयडीसीतल्या (बडोद्याची औद्योगिक वसाहत) छोट्या कंपनीला सेमिस्टरचं प्रोजेक्ट परवडतं. पण काम नेमकं द्या ना! पंपाचं सील सारखं गळतंय, तर कुठल्या टेंपरेचरला गळतं, शाफ्ट किती हलतो, डायल गेज लावून मोजा, एवढंच सांगा, पोरं मस्त करतात. "नवीन पंप डिझाइन करा" म्हटलं की स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट येतो आणि कपाटात जातो.

लांबचा टाय-अप म्हणजे पीएचडीवाला, म्हणजे तीन-चार वर्षं तरी धरा, तेवढ्यात कंपनीतला मॅनेजर बदलतो आणि नव्याला त्यात रस नसतो. शिवाय प्रोफेसरना पेपर हवा, कंपनीला पेटंट, आणि पेपर आधी छापला तर पेटंट बहुतेक हातचं जातं, म्हणून आधी अर्ज मग पेपर, हे पहिल्याच मीटिंगला लिहून घ्या. औषधं, केमिकल यात मात्र लांबच्या टाय-अपला पर्याय नाही.

मला विचाराल तर आधी एक छोटं प्रोजेक्ट, जमलं तर त्याच गाइडकडे दुसरं. आणि दोन्हीकडे कंपनीचा एक माणूस दर आठवड्याला लॅबमध्ये जायलाच हवा, नुसता एमओयूचा (सामंजस्य कराराचा) फोटो काढून काय होणार?