पिवळे रबरी की नायट्राइल? गाडी धुणाऱ्या हातांसाठी

उघड्या हातांनी गाडी धुणं हा पर्याय मी इथे धरलेलाच नाही. कितीतरी वर्षं मी तसंच धूत होतो. शाम्पू हाताचं तेल ओढून घेतो, पेरांना बारीक भेगा पडतात आणि रविवारी दुपारी पानावर लिंबू पिळलं की त्या नेमक्या कुठे आहेत ते कळतं. ज्यांचं हातमोजे घ्यायचं ठरलंय आणि कोणते घ्यायचे एवढंच अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझ्यासमोर दोन प्रकार होते. भांडी घासायला मिळतात ते लांब रबरी मोजे, आतून मऊ लवेचं अस्तर असलेले. आणि शंभराच्या खोक्यात येणारे, नायट्राइल या कृत्रिम रबराचे पातळ, वापरून टाकायचे मोजे. दोन्ही भरपूर वापरून झालेत.

रबरी मोज्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. गाडीचा टप धुताना हात वर जातो आणि फेसाचं पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळतं. रबरी मोजा अर्ध्या हातापर्यंत येतो. त्याची कड बाहेर दुमडली की पाणी त्या दुमडीत अडतं. साधा नायट्राइलचा मोजा सुमारे २४ सेंटीमीटर लांब, म्हणजे मनगटापाशी संपतो आणि पाणी सरळ आत शिरतं. शिवाय रबरी जोडी महिनोन्‌महिने चालते, नंबरप्लेटच्या धारेला घासली तरी फाटत नाही. फक्त बादली आणि फडकं एवढंच काम असेल, तर माझी त्यांच्याबद्दल फारशी तक्रार नाही.

माझं बिनसलं ते अस्तरावरून.

जुलैत मुंबईची हवा कशी असते हे सांगायला नको. धुतलेला रुमाल दोन-दोन दिवस दमट राहतो. रबरी मोजा म्हणजे एका बाजूने बंद पिशवीच. आत मुरलेल्या घामाला बाहेर यायला वाट एकच, मनगटाची. मोजा उलटा करायला गेलं तर तळहात उलटतो आणि बोटं आतच अडकून बसतात. मी फुंकर मारून बोटं फुगवून पाहिली, वर्तमानपत्राच्या सुरळ्या घालून पाहिल्या, पंख्याखाली दोरीला चिमट्याने रात्रभर टांगून ठेवले. रविवारी वापरलेले मोजे पुढच्या रविवारी हातात घेतले की टोकांशी ओल तशीच आणि वास भिजक्या गोणपाटाचा. त्या गार, चिकट लवेत सकाळी सकाळी हात घालायचा म्हणजे अंगावर काटा येतो. असे दोन पावसाळे काढले. दुसऱ्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, कातडी पांढरी पडून सोलायला लागली. डॉक्टरांनी मलम दिलं आणि ओल्या मोज्यांत हात घालायचा नाही असं बजावलं. हात वाचवायला घेतलेल्या मोज्यांनीच हात बिघडले होते. हिवाळ्यात हे होत नाही, खरं आहे. पण आपल्याकडे गाडीला सगळ्यात जास्त धुणं लागतं ते पावसाळ्यातच.

दुसरी अडचण डांबराची. रस्त्याचे खड्डे बुजवले की दारांच्या खालच्या पट्टीवर काळे ठिपके येतात. ते काढायला टार रिमूव्हर किंवा घरातलं रॉकेल. नैसर्गिक रबर पेट्रोलियमच्या द्रावकांत फुगतं. माझ्या पिवळ्या मोज्याची तीन बोटं एका दुपारीत ढिली आणि बुळबुळीत झाली. नायट्राइल तेल, ग्रीस, रॉकेल यांच्यापुढे बरंच टिकतं. ॲसिटोन मात्र त्याला सोसत नाही, तेव्हा नेलपॉलिश रिमूव्हरने काही पुसायचा विचार असेल तर नायट्राइलच्या भरवशावर राहू नका.

आणि तिसरी गोष्ट स्पर्शाची. रंगाची खरखर तपासायला बोटांवर पातळ पॉलिथिनची पिशवी चढवतात, हे तुम्ही केलं असेल. उघड्या बोटांना न कळणारे कण तिच्यातून कळतात, कारण कातडी रंगाला न चिकटता सरकत जाते. पातळ, ओलं नायट्राइल माझ्या अनुभवात जवळपास तेच काम करतं. जाड रबरात उलट होतं. क्ले, म्हणजे रंगात रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवताना त्यात अडकलेला वाळूचा कण मला कळलाच नाही, आणि बॉनेटवर वितीएवढी रेघ उठली. ती पॉलिशने पूर्ण गेली नाही, उन्हात अजून दिसते. दोष सगळा मोज्यांचा असं म्हणणार नाही, घाईही होती. पण बोटांना कळलं असतं तर मी थांबलो असतो.

आमची इमारत विक्रोळीला, रुळांलगत. लोकलच्या चाकांची आणि ब्रेकची लोखंडी धूळ गाड्यांवर बसते आणि पांढऱ्या रंगावर काही महिन्यांत नारिंगी ठिपके उमटतात. ते काढायच्या औषधात बहुतेक अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायच्या लोशनमधलंच रसायन. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होऊन ओघळतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. उघड्या हाताला तो वास दोन दिवस चिकटून राहतो. इथे मी नायट्राइलशिवाय हात घालत नाही. रंगावर टिकाऊ संरक्षक थर चढवणाऱ्या सिरॅमिक कोटिंगचंही तेच. कातडीवर सुकलं की निघता निघत नाही.

एक मात्र कळकळीने सांगतो. अलॉयच्या रिमा चमकवणारं ॲसिड म्हणून सुट्या बाटल्यांत जे मिळतं, त्यात कधी हायड्रोफ्लुओरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड असतं. ते कातडीतून आत जातं आणि सौम्य असेल तर दुखणं काही तासांनी सुरू होतं, तोवर उशीर झालेला असतो. पातळ मोजा यासाठी नाहीच. असली बाटली घरी आणूच नका.

नायट्राइलचे दोष माझ्याही नजरेआड नाहीत. पाणी आत जातं, हे वर आलंच. हात घामेजला की दुसरी जोडी चढत नाही. खाली गाडी हलवायला हाक आली, मोजे काढले, परत आलो, की नवे घालताना अंगठ्यापाशी फाटलेच. आणि दर धुण्याला एक जोडी कचऱ्यात जाते, याचं वाईट वाटतं. पैशांचं म्हणाल तर जोडीला कटिंग चहाएवढे पडतात.

घामावर मला जमलेला उपाय असा. शाळेच्या गणवेशाच्या दुकानात परेडचे पांढरे सुती मोजे मिळतात. त्यांची बोटांची टोकं कात्रीने कापायची आणि वरून नायट्राइल चढवायचं. घाम सुतात मुरतो, बोटांची टोकं मोकळी राहिल्याने स्पर्श कळतो, आणि मुख्य म्हणजे नायट्राइल सुतावरून सहज काढता-घालता येतं. काम झालं की सुती मोजे कपड्यांबरोबर धुवायचे. पंख्याखाली एका रात्रीत वाळतात, कारण ते दोन्ही बाजूंनी उघडे असतात. रबरी मोज्यात मला हेच मिळत नव्हतं. तिथे अस्तर वेगळं काढता येत नाही.

आमच्या इमारतीतल्या गाड्या पुसणाऱ्या दादांना मी दोन्ही प्रकार दिले होते. त्यांनी रबरीच ठेवले. "साहेब, हे पातळवाले फडकं पिळताना टिकत नाहीत," म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. पहाटेपासून गाड्यांमागून गाड्या, नुसतं पाणी आणि फडकं. त्यांनी दोन जोड्या आळीपाळीने वापरायला सुरुवात केली आणि एक जोडी पंपाच्या खोलीत मोटरजवळच्या कोरड्या उबेत टांगतात. तशी जागा मिळत असेल तर तुमचा निर्णय माझ्यापेक्षा वेगळा होऊ शकतो.

नायट्राइल घेणार असाल तर ४ मिलचे, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचे, नकोत. रिम घासताना नटबोल्टला लागून जातात. ६ मिलचे घ्या, बोटांना खरखरीत नक्षी असलेले. १२ इंची लांबीचे मिळाले तर टप धुताना ओघळणाऱ्या पाण्याचाही प्रश्न बराच सुटतो, मी हल्ली तेच आणतो. खोक्यावर पावडर-फ्री लिहिलेलं बघा, नाहीतर काळ्या रंगावर पांढरे ठसे पुसत बसावं लागतं. फिरत्या पॉलिशिंग मशीनजवळ मनगटाशी लोंबणारा मोजा नको, मग तो कुठलाही असो. आणि साइज नेहमीपेक्षा एक नंबर मोठी घ्या, आत सुती मोजा मावायला हवा.